खोड सांगून घेतलेली जीप

नानांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं ते मागून. मी त्यांच्या ओसरीवर दवाखान्यासाठी दोन खोल्या भाड्यानं मागायला गेले होते. पुण्याच्या ज्या संस्थेनं मला अकोले तालुक्यातल्या त्या डोंगराकडच्या गावात धाडलं होतं, तिचं शिक्क्याचं पत्र मी पुढं केलं. नानांनी ते न उघडताच आत आपल्या बायकोकडे, म्हणजे काकूंकडे दिलं आणि मला आडापर्यंत जाऊन यायला सांगितलं. मला वाटलं, पाण्याची सोय दाखवताहेत. मी गेले, आडात वाकून पाहिलं आणि पाणी चांगलं आहे असं सांगत परत आले. पाणी नानांच्या डोक्यातच नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुमची खोड काय?"

मी तेव्हा पंचविशीची, डॉक्टरीची पदवी नवी कोरी. मला कसलीही खोड नाही असं मी ठणकावून सांगितलं. मग खोल्या नाहीत, असं नाना तितक्याच शांतपणे म्हणाले आणि उठले. त्यावर मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नानांनी ते सगळं उभ्या उभ्या ऐकून घेतलं, परत खाली बसले, "रागीट हायसा. मग आदी सांगायचं की," एवढंच म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

हे माझे घरमालक. वय साठीच्या आसपास, अंगात बाराही महिने एक खाकी गरम कोट, वैशाखातसुद्धा. कोटाच्या खिशात गुळाचा खडा. तो बैलांसाठी असे, पण एखादं माणूस पसंत पडलं तर त्यालाही त्यातला तुकडा मिळे. मला तो मिळायला दीड वर्ष लागलं.

नाना बैलांचे पारखी होते. राजूर, अकोले, संगमनेर, पार घोडेगावच्या बाजारापर्यंत कुणालाही बैल घ्यायचा असला की तो नानांना बरोबर नेई. मोबदला म्हणजे एस्टीचं तिकीट आणि परत आल्यावर एक नारळ. बैल बघायचे त्यांचे दोन नियम होते आणि तेच नियम ते माणसं, भांडी, छत्र्या आणि सरकारी अधिकारी यांनाही लावत. पहिला म्हणजे बघायचं ते मागून. "येताना समदीच नीट चालत्यात. जाताना बगावं," असं ते म्हणत. दुसरा, खोड विचारायची. ही तशी बाजाराचीच रीत. सौदा होताना विकणारा बोली करतो: हा मारका आहे, हा नांगराला चालतो पण गाडीला जुंपला की खाली बसतो, हा उजव्या अंगाला परक्याला येऊ देत नाही. सांगून विकलेल्या खोडीवरून मागाहून भांडता येत नाही, आणि लपवलेली निघाली तर बैल दाव्यासकट परत. नाना त्याच्याही एक पाऊल पुढं जात. खोड नसलेला बैल जन्माला येत नाही, तेव्हा जो खोड नाही म्हणतो तो एकतर खोटं बोलतो किंवा त्यानं त्या जनावराकडून कधी काम घेतलेलं नाही. दोघांकडूनही काही घेऊ नये.

त्यांच्या पुतणीला बघायला एक स्थळ आलं होतं. नानांनी नवरदेवाला शेजारच्या आळीतून पंचांग आणायला पिटाळलं आणि त्याची पाठ बघून घेतली. पाठ बरी होती. मग मुलाच्या मामानं सांगितलं की पोराला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, एकही खोड काढून दाखवा. झालं, स्थळ मोडलं. काकूंनी चार दिवस त्यांच्याशी अबोला धरला. पुढच्या स्थळाच्या मुलानं खाली मान घालून मला भूक फार लागते असं स्वतःच कबूल केलं आणि त्याच महिन्यात लग्न लागलं. एस्टीत चढण्याआधीही नाना गाडीच्या मागं एक चक्कर मारत आणि ड्रायव्हरला हिची खोड काय म्हणून विचारत. बहुतेक ड्रायव्हर हसत. एकानं चढावर गरम होते असं सांगितलं, तर नाना अगदी समाधानानं त्याच्या मागच्या बाकावर जाऊन बसले.

या माणसाच्या हाती मी माझ्या दवाखान्याचं नशीब कसं दिलं, ते आता सांगते.

पलीकडच्या वाडीत हौसा नावाची एक बाई होती. आदल्या पावसाळ्यात तिचं पहिलं बाळंतपण अडलं. डांबरी सडक आमच्यापासून सहा मैलांवर, मधे एक ओढा आणि ओढ्यातून वर चढणारी खिंड. संस्थेची जुनी मोटार ओढ्याच्या अलीकडेच चिखलात बसली. मग चौघांनी हौसाला झोळीत घातलं आणि चालत निघाले. मूल वाटेतच गेलं. हौसा वाचली, ती कशी हे मला आजही नीट सांगता येत नाही. तिचं कटीचं हाड अरुंद होतं. पुढचं बाळंतपण शस्त्रक्रियेशिवाय होणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि ती सोय संगमनेरलाच होती. माघात ती पुन्हा दिवस गेल्याचं सांगायला आली. जाताना दारात थांबून तिनं विचारलं, "या बारीला पोचवाल का, बाई?" मी हो म्हणाले.

भादव्यात दिवस भरत होते. म्हणजे भर पावसाळा. मी पुण्याला पत्रावर पत्रं लिहिली. शेवटी उत्तर आलं: सहा हजार रुपये मंजूर, एकदाच. त्यात हवी ती गाडी घ्या. तीही चिखलात बसली, तर दवाखाना डांबरी सडकेवर हलवण्यात येईल. सडकेवर दवाखाना म्हणजे आमच्या सात-आठ वाड्यांना नसल्यासारखाच. नव्या जीपचं तर नाव काढायची सोय नव्हती. हवी होती जुनी जीप, पण चारी चाकांनी ओढणारी. मला मोटार चालवता येत होती, वडिलांनी शिकवली होती. पण तिच्या पोटात काय असतं म्हणाल तर पेट्रोल, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. संगमनेरच्या एका मिस्त्रीला बरोबर चल म्हटलं, तर त्याच्याच मेव्हण्याला एक जीप विकायची होती. गावात मात्र सगळ्यांचं एकमत होतं. घ्यायचंय ना काहीतरी, मग नानांना न्या.

मी आधी हसले, मग दोन दिवस कुढले, आणि तिसऱ्या दिवशी नानांना विचारलं. त्यांनी जीप कशी ओढते ते मला समजावून सांगायला लावलं. मी सांगितलं की एरवी मागची दोनच चाकं ओढतात, पण ड्रायव्हरजवळ एक वेगळा दांडा असतो, तो ओढला की पुढचीही लागतात. "म्हंजे पुडचं दोन पाय कामापुरतं," नाना म्हणाले. आणि ते लागलेच नाहीत तर, असं त्यांनी विचारलं. मग ती आपल्या जुन्या मोटारीसारखीच, मी म्हणाले. दुसऱ्या दिवशीच्या एस्टीनं निघायचं ठरलं. रात्री मला काकूंकरवी निरोप आला, की बाजाराला जाताना विटकं लुगडं नेसतात.

पहिली जीप नगरला, एका जुन्या गाड्यांच्या आवारात. हिरवागार रंग, नव्या गाद्या. मी तिच्या प्रेमातच पडले. नाना मागं गेले, बराच वेळ उभे राहिले, मग आत वाकून पायाखालचे ब्रेक-क्लच बघू लागले. त्यांच्यावर कोरं रबर होतं, पण खालची लोखंडी पट्टी झिजून धारेला आली होती. बैल म्हातारा असला की हेडी, म्हणजे बैलांचे व्यापारी, त्याची शिंगं साळून, तेल लावून आणतात, तसं हे आहे असं ते मला म्हणाले, आणि विकणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. खोड काही नाही, असं तो आधीच दोनदा सांगून चुकला होता. नानांनी जीप सीनेच्या पात्रात न्यायला लावली. चैत्र सरत आलेला, नदीत नुसती वाळू. तिथं तिला थांबवून पुन्हा निघायला सांगितलं, तर मागची चाकं गरागरा फिरून खाली रुतत गेली आणि पुढची पंगतीला बसलेल्या पाहुण्यांसारखी स्वस्थ. नानांनी छत्रीच्या दांड्यानं खाली ठोकून पाहिलं. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांपर्यंत नेणारा गाडीखालचा लोखंडी आस मुळात काढूनच टाकलेला होता. पेट्रोल वाचावं म्हणून आधीच्या मालकानं काढला असेल, आपल्याला कल्पना नाही, असं विकणारा म्हणाला. आम्ही तिघांनी मिळून जीप ढकलत वर काढली. माझ्या विटक्या लुगड्याचा तेवढा उपयोग झाला.

दुसरी राहात्याला, एका बागाईतदाराकडे. अत्यंत सभ्य माणूस. त्यांनी आम्हाला सरबत दिलं, दवाखान्याबद्दल आस्थेनं विचारलं, किंमतही बरोबर सहा हजारांवर आणून ठेवली. जीप सुरेख होती. इंजिनाचा आवाज मला कळत नाही, पण तो मला आवडला. बागेच्या पाटाजवळच्या चिखलातून ती चारी चाकांनी बाहेर आली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नानांनी खोड विचारली. बागाईतदार हसून म्हणाले की नऊ वर्षांत तिनं एकदाही त्रास दिलेला नाही. नानांनी सरबताचा पेला खाली ठेवला आणि मला म्हणाले, "उठा."

एस्टीच्या थांब्यावर आमचं भांडण झालं. म्हणजे मी भांडले. नानांचं म्हणणं एवढंच, की नऊ वर्षं वापरून खोड दिसली नाही म्हणजे या गृहस्थानं जीप कधी स्वतः हाकलीच नाही, आणि जो हाकतो त्याला आपल्यासमोर येऊ दिलं नाही. तिथं तिची खोड काही कळायची नाही, ती आपल्याला ओढ्यात कळणार. मी म्हटलं, एखादी वस्तू खरोखरच चांगली असू शकत नाही का? असू शकते, नाना म्हणाले, पण आपल्याला ते समजायला मार्ग नाही. खरं सांगायचं तर ती जीप चांगलीही असेल. मी आजवर कधी चौकशी केली नाही, करायची छातीही झाली नाही.

तिसरी राहुरीजवळ. मुळा धरणाचं काम आटपत आलं होतं आणि एक कंत्राटदार आपली यंत्रं, गाड्या विकून मोकळा होत होता. आमच्याच डोंगरात उगवणारी मुळा तिथं एवढी तुंबलेली पाहून नाना बांधावर थबकले. "आपलं पानी हितं येऊन बसलंय व्हय," असं म्हणून त्यांनी पाण्याकडे जरा रागानंच पाहिलं. कंत्राटदाराच्या मुनीमानं आम्हाला आवारात नेलं. ती जीप बघून माझा हिरमोडच झाला. रंग कुठला ते सांगता येऊ नये, एका दिव्याच्या जागी भोक, टपाचं कापड तीन ठिकाणी शिवलेलं. एक किडकिडीत ड्रायव्हर तिची चाकं धूत होता. मुनीम म्हणाला, दिसायला अशी आहे, पण खोड एक नाही. नाना छत्री उचलून वळलेसुद्धा.

तेवढ्यात तो ड्रायव्हर मान वर न करता म्हणाला, "दुसऱ्या गिअरातून निसटती. गुडघा लावून धरावं लागतं."

मुनीमानं त्याच्याकडे खाऊ का गिळू अशा नजरेनं पाहिलं. नाना परत फिरले, जीपच्या सावलीत मांडी घालून बसले आणि "आजून?" म्हणाले. मग ड्रायव्हर सांगत गेला. पाणी फार पिते, दर दहा मैलांना बघावं लागतं. बॅटरीचा भरवसा नाही, म्हणून थांबायचं ते उतारावर. ब्रेक मारला की डावीकडे ओढते. पावसात ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यावर गळतं. आणि पुढच्या चाकांचं काय, असं मी विचारल्यावर तो चाक धुवायचा थांबला. "ती लगेच लागत न्हाईत, बाई. दांडा वडायचा, हातभर मागं घ्यायचं, मग पुढं. न्हाई लागली तर परत मागं. पन एकदा लागली की सोडत न्हाईत." आठ वर्षं त्यानं ती जीप धरणाच्या गाऱ्यातून चालवली होती. सगळं सांगितल्याबद्दल आता मालक काय म्हणेल, असं मी विचारलं. तो म्हणाला की मालक ओरडेल तो आजचा दिवस, पण न सांगता विकली तर घेणारा जन्मभर शिव्या घालेल.

आम्ही ती मुळेच्या वाळूत नेली. दांडा ओढला, मागं घेतली, पुढं घेतली. नाही लागली. पुन्हा मागं, पुन्हा पुढं, नाहीच. तिसऱ्या खेपेला पुढची चाकं अशी काही धरली की जीप वाळूतून निघून काठावर चढून उभी राहिली. मी मनातल्या मनात बागाईतदारांच्या जीपची किंमत परत आठवत होते. आणि इकडे नानांनी आपल्या पटक्याचं टोक सोडून मुनीमाच्या हातावर टाकलं होतं.

बैलबाजारात भाव तोंडानं ठरत नाही. कापडाखाली एकमेकांची बोटं धरून ठरतो, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. मुनीम शेतकऱ्याच्याच घरचा असावा, त्यानं निमूटपणे हात आत घातला. दोघांची तोंडं दोन दिशांना. मी समोर उभी, आणि माझ्या दवाखान्याचा सौदा एका मळक्या कापडाखाली चाललेला. काय होतंय ते मला कळेपर्यंत नानांनी मुनीमाच्या हातावर टाळी दिली. साडेचार हजाराला जीप आमची झाली होती, उरलेल्या पैशांत नवे टायर आणि बॅटरी. टाळी दिल्यावर सौदा मोडत नाही, मोडला तर त्या माणसाला पुन्हा बाजारात उभं राहता येत नाही, हे मला तोवर माहीत झालं होतं. म्हणून मी मुनीमासमोर गप्प बसले. आवाराबाहेर आल्यावर मात्र माझ्या खोडीनं उचल खाल्ली. हौसाचं काय, दवाखान्याचं काय, एक बरी जीप सोडून हे सात ठिकाणी मोडलेलं धूड आपण घेतलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही. नाना ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "खोडी समद्या ठाव्या हायेत. आता भ्या कशाचं?" पण हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

तो ड्रायव्हर दोन दिवस आमच्याबरोबर आला आणि त्यानं मला एकेक खोड हातानं, पायानं आणि गुडघ्यानं शिकवली. गावात जीप शिरली तेव्हा काकू नव्या बैलाचं करतात तसं भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पुढच्या दोन चाकांवर पाणी घातलं आणि थांबल्या. "चारीवर घाल," नाना म्हणाले, "चारी पायांचं पैसं दिल्यात." गाव पोट धरून हसलं. पोरं तिला लंगडी म्हणू लागली. मृग लागला, आखाड लागला, मी जीप घेऊन वाड्या हिंडू लागले. गुडघा भिजत होता, दुसरा गिअर निसटत होता, पण ती चालत होती. नाना मात्र राहुरीहून आल्यानंतर एकदाही तिच्यात बसले नाहीत. चला म्हटलं की त्यांना काहीतरी काम निघे.

हौसाला मी श्रावणाच्या शेवटी संगमनेरला नेऊन ठेवणार होते. श्रावणाच्या मध्यावरच, तीन दिवस लागून राहिलेल्या पावसात, एका सकाळी तिचा नवरा आणि चौघं जण तिला झोळीतून घेऊन दवाखान्यात आले. पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. मी तिला तपासलं आणि जीपची किल्ली उचलली. वेळ होता, पण फार नव्हता. काकू तिला घेऊन मागं बसल्या. मी चाकामागं बसले, तर शेजारी नाना, छत्री मांडीवर घेऊन, कुणी न बोलावता.

ओढा आम्ही ओलांडला. खिंडीच्या चढावर, अर्ध्यावर, मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. तांबडा चिखल काचेपर्यंत उडाला. मी दांडा ओढला. लागली नाहीत. हातभर मागं घ्यायला गेले तर जीप हातभर कुठली, दोन कासरे खाली घसरली. पुन्हा पुढं, पुन्हा तेच. आता मागची चाकं ओढ्याच्या पाण्याला टेकली होती. मागं हौसा कण्हतही नव्हती, आणि ते मला जास्त भीतीचं वाटत होतं. मला आदल्या वर्षीची झोळी दिसू लागली. नाना खाली उतरले, चिखलातून मागं गेले आणि चाकांकडे बघत उभे राहिले. आरशात मला त्यांचा वर उचललेला हात दिसला. मला वाटलं, थांब म्हणताहेत. पण मी थांबले नाही. तिसऱ्यांदा दांडा ओढला, पाण्यात मागं घेतली आणि पुढं. हातातल्या चाकाला आतून कुणीतरी हिसका दिला.

"लागली," नाना म्हणाले. ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, आणि तरी मला ते इंजिनाच्या आवाजातून ऐकू आलं.

मग तिनं सोडलं नाही. त्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं तसंच. माथ्यावर मी नानांसाठी थांबले, ते धापा टाकत येऊन बसले आणि आम्ही डांबरी सडकेला लागलो. दुपारी दोनच्या सुमारास संगमनेरला हौसाची शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, रडली, चांगली घसा फोडून रडली. मी बाहेर येऊन नानांना सांगितलं. "दोगीबी?" त्यांनी विचारलं. दोघीही, मी म्हटलं. मग मी तिथल्या दवाखान्याच्या मागच्या नळावर गेले आणि कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. एवढं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही क्वचितच वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकूंना हौसाजवळ ठेवून मी आणि नाना परत निघालो. पाऊस उघडला होता. खिंड उतरताना वळणावर नानांनी मला थांबायला सांगितलं. तिथं उंबराखाली त्यांची बैलजोडी उभी होती, मानेवर जू, आणि जुवाला अडकवलेली लांब साखळी चिखलात पसरलेली. शेजारी इरलं पांघरून त्यांचा पुतण्या बसला होता, तीन लेकरांचा बाप. तो उठून जीपकडे आला आणि हौसाचं विचारू लागला. ही जोडी मी महिनाभर तिथं पाहत होते. बैल चरताहेत, त्यात काय बघायचं.

तू इथं कशाला, मी त्याला विचारलं. तो नानांकडे बघू लागला. मग मी आवाज चढवल्यावर त्यानं सांगितलं. आखाडातला पहिला मोठा पाऊस झाला तेव्हापासून नानांनी जोडी रोज सकाळी इथं आणून उभी करायला सांगितली होती, जीप अडकली तर ओढून काढायला. भाताची चिखलणी त्यांनी शेजाऱ्याच्या बैलांनी उरकली, तीही सगळ्यांच्या मागून, आणि एक खाचर तसंच पडलं. काल जीप दुसऱ्यांदा घसरली तेव्हा पुतण्या जोडी घेऊन खाली निघालाही होता. खालून नानांनी हात वर केला, म्हणून तो थांबला. तो हात मला नव्हताच.

मी नानांकडे वळले. म्हणजे तुमचा या जीपवर भरवसा नव्हता, असं मी म्हणाले. मला रागवायचं होतं, पण राग काही येईना.

"जीपवर हुता," नाना म्हणाले. "निवडली मी हुती, बाई. माज्यावर न्हवता."

ते खाली उतरले. त्यांनी स्वतःच्या हातानं जू काढलं, दोन्ही बैलांच्या माना चोळल्या, साखळी गोळा करून पुतण्याच्या खांद्यावर टाकली आणि जोडी घरी न्यायला सांगितली. उद्यापासून इथं यायचं नाही, असंही सांगितलं. मग परत जीपमध्ये येऊन बसले. ओढा ओलांडून पलीकडे चढल्यावर मी पाहिलं, तर त्यांची मान छातीवर पडली होती. गाव येईपर्यंत ते गाढ झोपले होते, तोंड उघडं टाकून. ओसरीपुढं उतारावर मी जीप लावली आणि इंजिन बंद केलं. दवाखान्याच्या दारात सात-आठ जण माझी वाट बघत बसले होते. मी त्यांना खुणेनंच थांबायला सांगितलं आणि नाना जागे होईपर्यंत तशीच बसून राहिले.